बारा पट्ट्यांचा हात

गाणारा म्हणतो, "काळी दोन." तंबोरा त्या सुराला चढतो, तबलजी हातोडी घेऊन बसतो, पेटीवाला दुसऱ्या काळ्या पट्टीला सा मानून एकदा सप्तक फिरवून बघतो. कीबोर्डवाला बटण दाबतो. पडद्यावर अधिक 3 असा आकडा उमटतो, म्हणजे तीन अर्धस्वर वर. आता त्याची बोटं पांढरी एकपासून चालतील आणि ऐकू काळी दोन येईल. काम झालं, गाण्यालाही काही उणं पडलं नाही. मग बिघडलं कुठे?

फारसं कुठे नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हे पुस्तक ट्रान्सपोज बटणाविरुद्धची मोहीम नाही. एका संध्याकाळी तीसेक गाणी, दर दोन गाण्यांनी बदलणारा गायक आणि तालमीला मिळालेला एक रविवार, अशा ऑर्केस्ट्रात ते बटण वापरणाऱ्याला नावं ठेवणारा माणूस बहुधा कधी स्टेजवर उभा राहिलेला नसतो. सोय म्हणून ते उत्तम आहे. प्रश्न येतो तो बटणाआधीच्या शिक्षणाचा. ज्याला बाराही पट्ट्या येतात त्याने बटण दाबणं वेगळं आणि ज्याला एकच येते त्याने दाबणं वेगळं.

ही युक्ती कॅसिओ-यामाहाच्या काळातलीही नाही. अँटवर्पचं रुकर्स कुटुंब सतराव्या शतकात दोन मजली हार्पसिकॉर्ड बनवायचं. त्यातल्या काहींत खालच्या मजल्यावर तीच बोटं ठेवली तर सगळं वाजणं एका चौथ्याने, आपल्या भाषेत मध्यमाइतक्या अंतराने, खाली उतरायचं. अमेरिकेत अर्व्हिंग बर्लिन हा 'व्हाईट ख्रिसमस'चा कर्ता आयुष्यभर जवळजवळ एकाच पट्टीत वाजवत राहिला, आणि ती होती काळी तीन. त्याने खास पियानो घेतला होता. त्यातला दांडा सरकवला की आतली यंत्रणा हलायची आणि त्याची काळी तीन हवी त्या सुरात बोलायची. तसला एक पियानो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आपल्याकडची स्केल चेंजर पेटी त्याच जातीची, फक्त तिथे पट्ट्यांची अख्खी फळीच डावी-उजवीकडे सरकते. म्हणजे बटणाने भागवणारा माणूस अडाणीच असतो असंही म्हणता येत नाही. बर्लिनने शेकडो गाणी रचली, तीही लोकांच्या तोंडी बसलेली. पण तो रचनाकार होता. दुसऱ्याच्या गळ्यामागे जाणं हा त्याचा रोजचा धंदा नव्हता.

साथीदाराचा तो आहे, आणि या पुस्तकाचा वाचक मी साथीदारच धरला आहे. घरातल्या गणपतीपुढे वाजवणारा, भजनी मंडळातला, कॉलेजच्या गॅदरिंगमधला, क्लासमध्ये दोन परीक्षा देऊन मग अडकून पडलेला. त्याला मला एकच गोष्ट सांगायची आहे: बाराही पट्ट्या तुमच्या कानाला आधीपासूनच येतात. राहिला आहे तो फक्त हात.

हे जरा उलगडतो. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या विद्यार्थ्याच्या समोर कागद असतो आणि कागदावरच्या प्रत्येक ठिपक्याचं नाव पक्कं असतं. 'सी' म्हणजे सी, तो कुठल्याही गाण्यात सीच राहतो. गाणं तीन अर्धस्वर वर न्यायचं म्हणजे त्याला प्रत्येक ठिपक्याचं नाव बदलून वाचावं लागतं. आपलं तसं नाही. आपला सा ठरलेलाच नाही. काळी एकमध्ये शिकलेली बंदिश मुलगी काळी पाचमध्ये गाते तेव्हा तिला काही नवं शिकावं लागत नाही. "ग म ध, नी ध म ग" हे जसंच्या तसं राहतं, फक्त सा वर सरकतो. पलटे आपण सरगमीत पाठ करतो, पट्ट्यांच्या नावांनी नाही. भातखंड्यांची आणि पलुस्करांची लिपी दिसायला वेगळ्या, पण दोन्हींत सा हा सरकता आहे. ज्या गोष्टीसाठी तिकडच्या जॅझ वादकाला वर्षानुवर्षं एकेक तुकडा बाराही जागी घोटावा लागतो, तिचा अवघड अर्धा भाग आपल्याला सरगमीने फुकट दिला आहे.

आणि आपण तो वाया घालवतो. बहुतेक क्लासांत पहिल्या दिवशी पांढरी एक किंवा काळी एक दाखवली जाते आणि पुढची कित्येक वर्षं मूल तिथून हलत नाही. यमन तिथेच, भैरव तिथेच, आरतीही तिथेच. त्यामुळे होतं काय, की 'ग' हे स्वराचं नाव न राहता एका विशिष्ट पट्टीचं नाव होऊन बसतं. सरकता सा खिळा ठोकून पक्का केला जातो. मग गायक दुसरी पट्टी सांगतो, आणि ज्याच्या डोक्यात बंदिश पूर्ण तयार आहे तोही बटण शोधू लागतो.

बटणाने भागत नाही अशा जागा आहेत, आणि त्या अपवादाच्या नाहीत. गणेशोत्सवातली आरतीच घ्या. तिथे कोणी पट्टी सांगत नाही. घरातल्या एखाद्या काकू सुरू करतात आणि सगळे त्यांच्यामागे जातात. बटणाला आधी आकडा हवा असतो, आणि तो कळेपर्यंत पहिलं कडवं संपलेलं असतं. बरं, गर्दी चढतेही. तिसऱ्या आरतीपर्यंत सूर अर्ध्या स्वराने वर गेला नाही असं घर मी पाहिलेलं नाही. (गर्दी कधी दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे जाऊन बसते. तिथे पेटीवाल्याने हसून झांजा घ्याव्यात.)

दुसरी जागा जास्त गंभीर आहे. ठुमरी, भजन किंवा नाट्यपद गाताना गायक मध्यमाला सा करतो. तंबोरा तोच, बैठक तीच, पण गाण्याचं घर चार सूर वर गेलेलं असतं. काळी चारचं गाणं काळी एकमध्ये येतं, काळी पाचचं काळी दोनमध्ये. काळी एकमध्ये गाणाऱ्याने मध्यम धरला की साथ काळी तीनमध्ये जाते, म्हणजे ज्या पट्टीत "कोणी गातच नाही" म्हणून आपण ती कधी शिकलो नाही, नेमकी तीच. रागमालेत किंवा मूर्च्छनेच्या खेळात गायक हे दोन आवर्तनांच्या अंतराने करतो आणि परतही येतो. अशा वेळी बटणाकडे गेलेला हात समेला पोचत नाही.

तिसरी अडचण बोलण्याची. कीबोर्डवर अधिक 3 लावलेला माणूस गिटारवाल्याला विचारतो, "सी मेजर ना?" गिटारवाला त्याच्या गिटारवर जे ऐकतोय ते वेगळंच असतं. तो "डी शार्प" म्हणतो. दोघंही बरोबर असतात आणि गाणं पुढे सरकत नाही. शिवाय पियानोला किंवा साध्या पेटीला हे बटण नसतं, आणि कार्यक्रमाच्या ठिकाणी काय मिळेल ते आपल्या हातात नसतं. योहानेस ब्राम्सची एक हकीकत त्याच्या चरित्रांत सांगितली जाते. 1853 साली, वयाची वीस वर्षं पुरी होण्याच्या बेतात असताना, तो रेमेन्यी या हंगेरियन व्हायोलिनवादकाच्या साथीला दौऱ्यावर होता. जर्मनीतल्या सेले गावी पियानो अर्धा सूर उतरलेला निघाला. व्हायोलिन उतरवून घेण्याऐवजी ब्राम्सने बेथोव्हेनचा सी मायनरमधला सोनाटा सरळ अर्धा सूर वर, सी शार्प मायनरमधून वाजवला. आपल्या हिशेबाने पांढरी एकचं काम त्याने काळी एकमध्ये केलं. ही गोष्ट प्रतिभेची म्हणून सांगतात. मला ती साथीदाराच्या शिष्टाचाराची वाटते: त्रास आपण घ्यायचा, मुख्य कलाकाराला द्यायचा नाही.

आता हाताकडे येऊ. पट्ट्यांची मांडणी समसमान नाही हीच सगळी अडचण आहे, आणि गंमतही तिथेच आहे. सात पांढऱ्या, पाच काळ्या, काळ्यांचे गट दोन आणि तीनचे. सगळ्या पट्ट्या एका उंचीच्या, एका रंगाच्या असत्या तर बारा सप्तकांचा आकार एकच झाला असता. पण मग डोळे मिटून सा सापडला नसता. काळ्यांचे उंचवटे ही बोटांची वाट आहे.

शोपॅनला हे कळलं होतं. तो पॅरिसमध्ये शिकवायचा तेव्हा विद्यार्थ्यांना आधी पांढरी एकचं सप्तक देत नसे. डोळ्याला ते सगळ्यात सोपं दिसतं आणि हाताला सगळ्यात अवघड असतं, कारण बोटांना धरायला तिथे काही खूणच नाही. तो पांढरी सातपासून सुरू करायचा. तिथे अंगठा पांढरी सातवर, मधली दोन बोटं काळी एक आणि काळी दोनवर, मग अंगठा खालून पांढरी तीनवर, आणि तीन लांब बोटं तीन काळ्यांवर. लांब बोटं उंच पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा खालच्या पांढऱ्यांवर, हाताची ठेवणच तशी आहे. नुसता हात ठेवायला शिकवताना तो पांढरी तीन, काळी तीन, चार, पाच आणि पांढरी सात या पाच पट्ट्या द्यायचा. पांढरी तीनला सा म्हणून ते वाजवून बघा: सा रे ग तीव्र म प. यमनाचा पूर्वार्ध.

शोपॅनला यमन ठाऊक नव्हता, पण आपल्याला आहे. म्हणूनच या पुस्तकातले पाठ मी स्केलऐवजी रागांच्या अंगाने लावले आहेत. फक्त पाच काळ्या पट्ट्या घ्या, पांढरीला स्पर्शही करू नका. काळी तीनला सा माना, भूप वाजतो. त्याच पाच पट्ट्या, सा काळी एकवर, दुर्गा. काळी दोनवर सा ठेवला तर धानी, काळी चारवर मधमाद सारंग, काळी पाचवर मालकंस. रागाचं चलन, न्यास, लगाव हे सगळं वेगळं आहे, मला मान्य आहे, नुसत्या स्वरांना कोणी राग म्हणू नये. पण ज्या मुलाला पहिल्याच आठवड्यात पाच काळ्या पट्ट्यांतून पाच रागांचे स्वर सापडतात, त्याची काळ्या पट्टीची भीती तिथेच संपते. आणि सा सरकला की सगळ्याचा अर्थ बदलतो, हे त्याला सांगावं लागत नाही.

पांढऱ्यांचंही तसंच. सात पांढऱ्यांवर पांढरी एकपासून बिलावल, दोनपासून काफी, तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. दहापैकी सहा थाट एकही काळी न लावता. सातपासून मात्र शुद्ध पंचमच सापडत नाही, म्हणून ते घर रिकामं. मूर्च्छनेचं शास्त्र पुस्तकात वाचून डोकं दुखतं. पट्ट्यांवर ते एका दुपारी बोटांत उतरतं.

आता याच्या उलट बाजूने या. एकच थाट धरा आणि पट्टी बदला. काळी एकमधला बिलावल म्हणजे पाच काळ्या आणि दोन पांढऱ्या, ग आणि नी तेवढे पांढरे. त्याच काळी एकमध्ये तोडी वाजवा: सा आणि प काळे, बाकी पाचही पांढरे. "काळी एक अवघड आहे" किंवा "सोपी आहे" या बोलण्याला म्हणूनच फारसा अर्थ नसतो. अवघड किंवा सोपी असते ती रागाची आणि पट्टीची जोडी. ज्यांचा हात तोडीत अडखळतो त्यांनी ती पांढरी एकमध्ये घोटत बसण्याआधी एकदा काळी एकमध्ये वाजवून पाहावी.

पट्ट्या कुठल्या क्रमाने घ्यायच्या यावर मतभेद आहेत. अर्ध्या अर्ध्या सुराने वर जाण्याची पद्धत सर्रास आहे आणि मला ती सगळ्यात वाईट वाटते, कारण शेजारच्या दोन सप्तकांत समान पट्ट्या सगळ्यात कमी असतात. पांढरी एकहून काळी एकवर गेलात की सातांतल्या पाच पट्ट्या बदलतात. षड्ज-पंचम भावाने जा. पंचमाला नवा सा करा, की जुन्या सप्तकातला फक्त मध्यम तीव्र होतो आणि तोच नव्या सप्तकाचा निषाद बनतो. बाकी सहा स्वर जागचे हलत नाहीत. पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा असं करत बाराव्या पावलाला परत घरी. उलट्या दिशेने मध्यमाला सा करत गेलात तर फक्त निषाद कोमल होतो आणि तो नवा मध्यम ठरतो. पाश्चात्त्य पुस्तकांत याची वर्तुळं काढलेली असतात आणि मुलं ती पाठ करतात. सा-प ज्याच्या कानात आहे त्याला वर्तुळ पाठ करायची गरज नाही.

कॉर्ड वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळं प्रकरण आहे. त्यातली मूळ गोष्ट इथेच सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. सा-ग-प या मेजर कॉर्डचे बारा आकार नसतात. पांढरी एक, चार आणि पाचवर तिन्ही पट्ट्या पांढऱ्या. पांढरी दोन, तीन आणि सहावर मधला ग काळा. काळी एक, दोन आणि चारवर नेमकं उलटं, ग पांढरा आणि कडेचे दोन काळे. काळी तीनवर तिन्ही काळ्या. उरल्या दोनच विक्षिप्त, शेजारी शेजारी राहणाऱ्या: पांढरी सातवर सा पांढरा आणि पुढचे दोन काळे, काळी पाचवर सा काळा आणि पुढचे दोन पांढरे. एवढ्या माहितीवर डावा हात चार दिवसांत मोकळा होतो. पेटीवाल्यांचा डावा हात भात्यात गुंतलेला, त्यांनी हे प्रकरण सोडलं तरी चालेल.

सरावाबद्दल फार लिहीत नाही, पाठांमध्येच ते आलं आहे. एवढंच सांगतो, की बारा सप्तकं कोरडी घोटण्यापेक्षा छोट्या आवाक्याची एकच चाल बारा जागी वाजवणं कितीतरी उपयोगाचं. चाल मनात गुणगुणता आली पाहिजे, सरगमीत म्हणता आली पाहिजे, मगच हात ठेवायचा. चुकीचा स्वर लागला तर पट्टी शोधू नका, स्वराचं नाव म्हणा. "हा कोमल ग, म्हणजे रे-च्या लगेच पुढची पट्टी" असं स्वतःशी बोलणारा विद्यार्थी बटणाशिवाय चालू लागतो. "काळी दोननंतर पांढरी चार" असं पाठ करणारा प्रत्येक गाण्यासाठी बारा वेगळी गाणी पाठ करतो.

एक आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. बारा पट्ट्यांत सारखं वाजण्यासाठी वाद्याला सगळ्या पट्ट्यांशी थोडंथोडं खोटं बोलावं लागतं. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर आजच्या कीबोर्डवर शेजारच्या दोन पट्ट्यांत बरोबर 100 सेंटचं अंतर असतं. त्यामुळे पंचम खऱ्याहून 2 सेंट उतरतो, ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शुद्ध गांधार मात्र 386 ऐवजी 400 सेंटवर जातो, म्हणजे 14 सेंट चढा, आणि तंबोऱ्याशेजारी तो खुपतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि पुढे श्रुतींची पेटी करवून घेण्यापर्यंत मजल मारली, ते याच खुपण्यामुळे. 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं तेव्हाही हा चढा गांधार आरोपपत्रात होता. आज आपले जाणकार वादक गांधार ट्यूनिंगची पेटी बाळगतात. एक सा ठरवून बाकीचे स्वर त्याच्याशी शुद्ध मिळवलेली. तिचा गोडवा ज्याने ऐकला त्याला साधी पेटी ऐकवत नाही.

पण ती पेटी एकाच घराची. धैवत 884 सेंटला लावलेल्या अशा पेटीवर रिषभाला सा करून पाहा, पंचम 22 सेंटने पडलेला मिळेल, आणि पडलेला पंचम कोणीही सहन करत नाही. स्केल चेंजरनेही ते सुटत नाही, कारण फळी सरकली तरी आतले सूर जिथले तिथेच असतात. म्हणून ज्यांच्याकडे एका ठरलेल्या गायकासाठी मिळवलेली गांधार ट्यूनिंगची पेटी आहे, त्यांनी हे पुस्तक त्या पेटीवर उघडू नये. बाखने 1722 मध्ये चोवीस प्रील्यूड आणि चोवीस फ्यूग, बारा मेजर आणि बारा मायनर पट्ट्यांत लिहिले, तेही वाद्य तसं मिळवलेलं आहे असं गृहीत धरूनच. त्याची वाद्यं आजच्यासारखी समसमान मिळवलेली होती असं नाही, पण बाराही घरांत राहता येईल अशी होती. बारा पट्ट्यांचा हात समान अंतरांच्या वाद्यावर तयार करावा, आणि तो तयार झाला की गांधाराचा कान दुसऱ्या पेटीवर. दोन्ही एकाच वाद्यावर मागणं हा हट्ट आहे.

पुस्तक वापरायला दोन गोष्टी लागतात: काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं कुठलंही वाद्य आणि सरगमीत म्हणता येणाऱ्या चार चाली. सप्तकाची ओळख, अलंकार, ताल हे मी शिकवलेलं नाही, त्यासाठी चांगली पुस्तकं आणि त्याहून चांगले गुरुजी आहेत. पहिला पाठ काळी तीनच्या भूपाचा आहे. दुसरा पांढरी सातचा, शोपॅनच्या बोटांनी. तिथून पुढे षड्ज-पंचमाची वाट. रोज एकच घर घ्या, आणि तिथे चाल सलग दोनदा न थांबता आली की पुढे जा, नाही आली तर दुसऱ्या दिवशी तेच घर. पांढरी एकचा पाठ शेवटी ठेवला आहे. तो आधी उघडून बघायला कोणाची हरकत नाही, पण आतापर्यंत तिथेच वाजवत आलेल्यांनी तो काही महिने शिवून ठेवावा.